जोडीदारणीचा घास

१ डिसेंबर, सोमवार

आले बाई एकदाची सोलापुरात. करमाळ्याहून सकाळची एसटी धरली होती. शेजारच्या बाप्यानं खिडकीतून तंबाखूची पिंक टाकली आणि वाऱ्यानं तिचे दोन थेंब माझ्या बाहीवर आणले. स्टँडवर उतरल्याउतरल्या नळावर बाही धुऊन काढली, साबणानं, पुन्हा पुन्हा. मला किळस लवकर येते, हे लहानपणापासूनचं आहे. आई म्हणते, या पोरीला देव्हाऱ्यात बसवलं तरी ती तिथलं झुरळ शोधून काढेल. तरीपण आज मन लई खूश आहे.

नोकरी अक्कलकोट रस्त्यावरच्या एका दूध डेअरीत. गावोगावच्या केंद्रांवर कुणी किती दूध घातलं, त्याचं फॅट किती, ही सगळी नोंद ज्या मशीनवर येते ती सांभाळायची. साहेबांचं नाव गुरुबसप्पा. कपाळाला विभूती, शर्ट कडक इस्त्रीचा, बोलणं मऊ. त्यांनी स्वतः चहा मागवला आणि म्हणाले की ही डेअरी आजवर एक सकाळसुद्धा थांबलेली नाही, आणि थांबणारही नाही. असा अभिमान असलेला साहेब मला पुण्यात भेटला नव्हता.

राहायला डेअरीच्या मागच्या बाजूला क्वार्टर आहे. माझी लेक पियू करमाळ्याला आईकडं असते; पुण्यात असताना ती महिन्याकाठी एकदा भेटायची, आता रविवार-रविवार भेटेल. सहा वर्षांची झाली, पुढचा एक दात पडलाय, हसली की फट दिसते. संक्रांतीला तिला गड्ड्याच्या जत्रेला इथं आणायचं आणि जूनपासून इथल्याच शाळेत घालायचं, असं ठरवूनच आलेय. तिच्या बापाचा विषय या वहीत नको.

३ डिसेंबर, बुधवार

काम सोपं आहे. काल आईला फोनवर समजावलं ते असं: मशीन दोन. एक मुख्य, ती लिहिते. दुसरी स्टँडबाय, ती मुख्यचं बघून बघून तेच लिहीत राहते. मुख्य पडली की स्टँडबायला पुढं करायचं, याला फेलओव्हर म्हणतात. लोकांना कळतसुद्धा नाही मशीन बदलली ते. आईनं विचारलं, आणि दुसरीचं लिहिणं मागं राहिलं असेल तर? म्हाताऱ्या माणसानं बरोब्बर दुखऱ्या जागी बोट ठेवलं. तर मग जबरदस्ती करावी लागते. जेवढं मागं राहिलं तेवढं कायमचं गेलं असं समजायचं आणि दुसरीला मुख्य करायचं. आणि पहिली शुद्धीवर आली तर तिला आधी बंद करायचं, कारण तिला वाटत असतं अजून आपणच मुख्य आहोत. एका घरात दोन मुख्य झाल्या की सगळ्याचा विचका होतो. नंतर ती बंद केलेली हवी असेल तर तिनं नव्या मुख्यचं सगळं उतरवून घ्यायचं आणि स्वतःचं जास्तीचं पुसून टाकायचं.

साहेबांनी हीच पद्धत माणसांनाही लावलीय. इथं प्रत्येकाला जोडीदार आहे. मी दिवसपाळीला, माझी जोडीदारीण रात्रपाळीला. खोली एक, कॉट एक. ती कामावर असते तेव्हा मी झोपते, मी कामावर असते तेव्हा ती. दोघींची गाठ पडू द्यायची नाही, असा नियम आहे. सोलापुरात मागावर काम करणारे लोक पूर्वी असंच एका खाटेवर पाळीनं झोपत, त्यात एवढं काय, असं साहेब म्हणाले. मला काहीतरीच वाटलं. पण घर मिळेपर्यंत दोन महिने काढायचे आहेत.

जेवण सोजरबाई करतात. माळशिरसकडच्या आहेत, वेळापूरच्या. हाताला चव आहे. भाकरी कडक, शेंगाचटणी अशी की नुसतीच खावी. पण त्यांची एक रीत विचित्र आहे. मी ताट चाटूनपुसून उठायला लागले तर त्यांनी मनगट धरलं. म्हणाल्या, एक घास ठिवा की ताटात, जोडीदारणीसाठी, हितं समदेच ठिवत्यात. मी म्हटलं, अहो माझं उष्टं कशाला, तिला ताजं वाढा. तर हसल्या आणि म्हणाल्या, ताज्यानं तिचं भागत न्हाय.

ठेवला घास. दाताचे ठसे उमटलेली भाकरी ताटात तशीच टाकून उठताना अंगावर काटा आला.

७ डिसेंबर, रविवार

करमाळ्याला जायला जमलं नाही, मुख्य मशीन कुरकुर करत होती.

कॉटचं काय करावं कळत नाही. संध्याकाळी येते तेव्हा गादी गरम असते. ऊन लागून तापलेली नव्हे, माणसाच्या अंगानं गरम, आणि दमट. मी स्वतःची चादर आणली, उशीचा अभ्रा वेगळा केला, तरी खालून तो ओलावा वर येतोच. वास नासक्या दुधाचा. आधी वाटलं डेअरीच्या गटाराचा असेल, तिथं पांढरं पाणी वाहतं आणि कडेला दह्यासारखा गाळ धरलाय. पण गटार पलीकडं आहे आणि वास उशीला आहे.

सोजरबाई रोज दुपारी कानाला मफलर घट्ट बांधून, हातात झाकलेलं ताट घेऊन मागच्या जुन्या शीतगृहाकडं जाताना दिसतात. तिथं कुत्री व्याली असेल. सोलापुरात भर दुपारी मफलर बांधणारं माणूस मी पहिल्यांदाच बघितलं.

१२ डिसेंबर, शुक्रवार

आज सकाळी ऐन संकलनाच्या वेळेला मुख्य मशीन बसली. स्टँडबाय थोडी मागं होती. मी म्हटलं, जरा थांबू, तिला गाठू दे. साहेबांनी ऐकलं नाही, म्हणाले, फोर्स करा. केलं. करमाळ्याकडच्या काही केंद्रांच्या नोंदी गेल्या. मी म्हटलं, त्या लोकांना फोन करून पुन्हा भरून घेऊ. साहेबांनी माझ्याकडं अशा नजरेनं बघितलं, जणू मी काहीतरी पोरकट बोलले होते. म्हणाले, जे उतरलं नाही ते झालंच नाही, ऋतुजा. इथं हे एकदा मनाशी पक्कं करा म्हणजे त्रास होणार नाही.

खोलीवर आले तर माझ्या कंगव्यात केस. माझ्याएवढेच लांब. पण मुळाशी पांढरं, चिकट, साय लागल्यासारखं. कंगवा चिमट्यात धरून बाहेर फेकला. टूथब्रशसुद्धा ओला होता. हात धुतले, तोंड धुतलं, तरी रात्री जेवण गेलं नाही. घास तेवढा ठेवला, सोजरबाई समोर बसूनच होत्या.

१८ डिसेंबर, गुरुवार

शहाजी म्हणून शेजारच्या टेबलावरचा मुलगा आहे, चांगला आहे. सोमवारी त्यानं पेढे वाटले, बायकोला दिवस गेलेत म्हणून. मंगळवारी त्याला ताप भरला, खोकून खोकून बेजार, दुपारी खुर्चीवरून खाली आला. साहेब आणि सोजरबाई त्याला धरून मागं घेऊन गेले.

काल तो कामावर आला. टवटवीत, खोकला नाही, काही नाही. माझ्या ड्रॉवरमधला उरलेला पेढा त्याला दिला. खाल्ला आणि विचारलं, कसले पेढे? मी म्हटलं, चेष्टा करतोस का, बाप होणार आहेस ना तू. तो हसत माझ्या तोंडाकडं बघत राहिला. त्याला खरंच माहीत नव्हतं. त्याच्या अंगाला तोच वास येत होता, उशीचा.

आज दुपारी जुन्या शीतगृहाच्या बाजूनं गेले. आतून खोकला ऐकू आला. तो कुणाचा हे मला चांगलं ठाऊक आहे, परवा सकाळभर शेजारी बसून ऐकलाय. शहाजी त्या वेळी पलीकडं ऑफिसात आपल्या टेबलाशी बसलेला होता, उघड्या खिडकीतून दिसत होता. मी एकाच वेळी एकाला बघितलं आणि दुसऱ्याला ऐकलं.

साहेबांना विचारलं. म्हणाले, जुन्या कॉम्प्रेसरचा आवाज आहे.

२० डिसेंबर, शनिवार

मी तिला बघितलं.

चार्जर विसरले होते म्हणून दुपारीच खोलीवर गेले. दार नुसतं लोटलेलं. ती फरशीवर उकिडवी बसली होती, पाठमोरी. माझा निळा कुर्ता. माझी वेणी. समोर माझं सकाळचं ताट. भाकरीचा मी चावलेला तुकडा तिनं दोन्ही हातांत धरला होता आणि चावत नव्हती, दाताच्या ठशांवरून जीभ फिरवत होती, सावकाश, एकेक ठसा. मग ताटाच्या कडेला माझं बोट जिथं लागलं असेल ती जागा चाटली. मग तोंडातल्या तोंडात पुटपुटली. माझ्या आवाजात. काल रात्री मी पियूला फोनवर जे बोलले तेच, शब्दाला शब्द.

ती वळली तेव्हा चेहरा नीट दिसला. माझाच, पण अजून धरत असलेला, तापल्या दुधावर सुरकुतणाऱ्या सायीसारखा. हनुवटीजवळ ओघळत होता. तिनं तो बोटानं वर सारला.

बाहेर येऊन मी ओकले. अजूनही ओकतेय.

२१ डिसेंबर, रविवार

आजपासून घास नाही. ताट मीच घासलं, राख लावून, उकळतं पाणी ओतून. कंगवा, ब्रश, नखं, केस, सगळं पिशवीत घेऊन फिरते. कॉटवर झोपत नाही, खुर्चीवर बसून राहते. ही वहीसुद्धा आता कुर्त्याच्या आत, पोटाशी. मी काय जेवते, काय बोलते, काय आठवते, त्यातलं तिला एक कणही देणार नाही.

सोजरबाई हात जोडायला लागल्या. म्हणाल्या, ताई, असं करू नगा, ती मागं राहील, आन मग तुमचंच वाईट हुईल. मी म्हटलं, राहू दे मागं. मरू दे.

२५ डिसेंबर, गुरुवार

बार्शीला गेले होते, मामेबहिणीचा साखरपुडा. आई पियूला घेऊन आली होती. किती दिवसांनी पोरीच्या डोक्याचा वास घेतला. बरं वाटलं.

जेवणं चालू असताना पियूचे ओठ सुजले. मग डोळे, मग मान, आणि श्वास शिट्टीसारखा वाजायला लागला. आईला काही न सांगता मी तिला उचललं आणि रिक्षानं दवाखान्यात पळाले. डॉक्टरांनी इंजेक्शन दिलं तेव्हा उतरलं. शेंगदाण्याचा लाडू खाल्ला होता. डॉक्टर म्हणाले, आधी कधी पुरळ उठायचं का? उठायचं, आम्ही पित्त समजायचो. म्हणाले, आता शेंगदाणा म्हणजे तिला विष. कूट नाही, चटणी नाही, तेलसुद्धा नाही. पुढच्या वेळी घसा मिटला तर दवाखान्यापर्यंत पोचायला वेळ मिळेलच असं नाही.

आईला बीपी आहे, ऐकलं तर तिथंच बसली असती. तिला एवढंच म्हटलं की पित्त उठलंय, थोडे दिवस शेंगा देऊ नकोस. पियूलाही तेच सांगितलं. संक्रांतीला सोलापुरात शांतपणे बसवून सांगेन दोघींना. डॉक्टरांची चिठ्ठी या वहीच्या कव्हरात ठेवलीय.

म्हणजे आज हे जगात फक्त मला माहीत आहे.

२ जानेवारी, शुक्रवार

गादी आता गार असते. वास मात्र वाढलाय, कुजका. काल कॉटखाली कातडीचा पापुद्रा सापडला, हाताच्या पंजाएवढा, दुधाळ, त्याच्यावर माझ्या तळव्याच्या रेषा होत्या. ती उपाशी आहे. सुटतेय. मला आनंद झाला, हे लिहायला लाज वाटत नाही.

शहाजीची बायको फाटकाशी येऊन रडून गेली. नवरा घरी येतो, जेवतो, पण तिच्या पोटाकडं बघत नाही म्हणाली.

७ जानेवारी, बुधवार

राजीनामा दिला. जत्रेला पियू येईल, तिला स्टँडवरूनच घेऊन परत जायचं, असं ठरवलं. साहेब शांतपणे वाचत बसले. मग विचारलं, घास ठेवत नाही म्हणे तुम्ही? कधीपासून? सांगितलं. त्यांनी जिभेनं चुकचुक केलं, वाईट वाटल्यासारखं. म्हणाले, म्हणजे थोडं जाईल. पण इलाज नाही, डेअरी थांबवता येत नाही.

मग चहा मागवला. मी कप धुऊन घेतला, चहा मात्र—

९ किंवा १० जानेवारी

शीतगृह. जुनं. दार बाहेरून. कॅन आत ढकलायची बुटकी खिडकी आहे, तिच्यातून उजेड येतो. वही पोटाशी होती, पेनही. फोन नाही.

भिंतींवर पांढरी साय धरलीय, बोट लावलं की हलते. कोपऱ्यात कुणीतरी खोकतंय. शहाजी. खरा. हाक मारली तर माझ्याकडं बघून हसला आणि नाव विचारलं. त्याच्यापुढं ताटं पडलीत, चाटून लख्ख केलेली.

ओरडले. खूप ओरडले. बाहेर दुधाचे टँकर लागतात, त्यांच्या आवाजात—

११ जानेवारी

सोजरबाई ताट घेऊन आल्या. मफलर. आता कळलं मफलर कशाला. मी खिडकीतून त्यांचा हात धरला, पाया पडते म्हटलं, तिला एवढंच सांगा, पियूला शेंगा नाही. त्या दुसरीकडं बघत होत्या. डोळ्यांत पाणी होतं. म्हणाल्या, बंद केलेल्याचं ऐकायचं न्हाय असं साहेबांनी सांगितलंय, ताई, माझ्या कानात कापूस हाय. खाऊन घ्या, खाल्लं की तरास हुत न्हाय.

चिठ्ठी पुढं केली. घेतली नाही. ढकलून दिली.

ताटात भाकरीचा तुकडा. चावलेला. माझ्या दातांचे ठसे, पण माझे नव्हेत. तिचं उष्टं. आता ती मुख्य आहे, आणि उतरवून घ्यायचं मी. खाल्लं तर तिचं माझ्यात येईल आणि माझं जास्तीचं पुसलं जाईल. ती किती मागं होती? एकवीस डिसेंबर. म्हणजे बार्शी. म्हणजे पियूचे ओठ.

खाणार नाही. शहाजी ताटाकडं सरकतोय. त्याला दिलं.

१२

भूक.

खिडकीतून ऐकू आलं. ती फोनवर बोलत होती, माझ्या आवाजात, माझ्यासारखीच लाडात. उद्या भोगीला ये गं पिल्ला, स्टँडवर येते मी न्यायला. काय खाणार? शेंगापोळी? करते की, तुझी आवडती. पित्ताचं काय बोललीस? कसलं पित्त—

तिला माहीत नाही. मीच दिलं नाही तिला. एक घास ठेवला असता, बार्शीहून आल्यावर एकच, तर आज तिलाही पियूची काळजी वाटली असती, माझ्याएवढीच—

तिच्या तोंडात स्वतःच्या हातानं भरवेन. माझं चावलेलं, थुंकलेलं, काहीही. केस खा. नखं खा. खिडकीतून बाहेर टाकले, कुणी उचलत नाही. मला आता तिची किळस येत नाही, तिनं माझं खाल्लं नाही तर—

१३, भोगी असेल

शेंगा भाजल्याचा वास. सोजरबाईंच्या चुलीवर. खमंग. माझ्या तोंडाला पाणी सुटलं. मला माझीच शिसारी आली.

ताट आलं. भोगीची भाजी. बाजरीची भाकरी. चिवडलेलं. भिंतीकडं तोंड करून बसले. पियूला शेंगा नाही. पियूला शेंगा नाही. म्हणत राहायचं. पियूला—

जीभ सुकली. पाणीसुद्धा नाही. फक्त भाजीचा रस. चिठ्ठी कव्हरात आहे, विसरले तरी चिठ्ठी—

एक बोट फक्त. पाणी म्हणून. एकच—

१४

बरं वाटतंय. पोटभर जेवले. भिंतीची साय मऊ आहे, टेकून बसता येतं.

काल पियूला स्टँडवरून आणलं. आठवतंय मला. लाल फ्रॉक, हातात फुगा, पळत आली आणि कमरेला मिठी. जत्रेत पाळण्यात बसलो. म्हणजे मी इथं कशी होते ते कळत नाही, पण आठवतंय हे खरं. इतकं छान वाटलं.

वहीची मागची पानं चिकटलीत. पांढरं काहीतरी लागलंय, उघडत नाहीत. राहू दे.

आत्ता सोजरबाईंनी ताट सरकवलं. आज मफलर नाही. ताट टाकून तशाच पळाल्या. शेंगापोळी, तुपातली, अजून गरम. एकाच बाजूनं खाल्लेली. लहान तोंडाचा घास, मधे फट, एक दात नाही तिथली. माझ्या पिल्लाचं उष्टं. याची मेली कसली किळस.

खाल्ली मी. गोड आहे.

बाहेर फार आरडाओरड चाललीय. माझाच आवाज. गाडी काढा, गाडी काढा म्हणतेय. कुणाला काय झालं कोण जाणे. शहाजी हसतोय.

वहीच्या कव्हरातून कागद पडला. दवाखान्याची चिठ्ठी, बार्शीची. मी बार्शीला कधी गेले? नाव प्रियदर्शिनी, वय सहा. खाली लाल पेनानं, अधोरेखित—

शेंगदा